तोंडावरची पट्टी काढलेली चित्रकला

अमूर्त गोष्टीला मानवी रूप देऊन ती डोळ्यांपुढें उभी करावी, ही हौस मनुष्यजातीला फार प्राचीन काळापासून आहे. आपल्याकडे कृष्णमिश्राच्या 'प्रबोधचंद्रोदय' नाटकांत विवेक आणि महामोह हे राजे होऊन एकमेकांशीं लढतात. रागमालेच्या चित्रांत तोडीला देह मिळतो, वस्त्रें मिळतात, हातांत वीणा मिळते आणि ती ऐकायला भोंवतीं हरिणेंही जमतात. देवतांच्या ध्यानश्लोकांत तर कोणत्या हातांत काय असावें, वस्त्र कोणत्या रंगाचें असावें, वाहन कोणतें असावें, याचा अगदीं बारकाईचा तपशील असतो. मूर्तिकाराला त्यांत स्वतःच्या मर्जीनें फेरफार करण्याची फारशी मुभा नसते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलींतील चित्रकारांपुढेंही असाच एक ध्यानसंग्रह आला. त्यांतील एक ध्यान घेऊन एका स्त्रीनें जें तैलचित्र काढलें, तो आजच्या भाषणाचा विषय आहे.

त्या संग्रहाचें नांव 'इकोनोलोजिया' आणि त्याचा कर्ता पेरुजियाचा चेझारे रिपा. हा गृहस्थ कोणी मोठा अधिकारी पंडित नव्हे. रोममध्यें कार्डिनल साल्व्हियाती यांच्या घरीं खानपानाच्या व्यवस्थेवर तो नोकरीस होता. परंतु वाचन अफाट. १५९३ सालीं त्यानें हा ग्रंथ रोममध्यें छापून काढला. १६०३ सालच्या आवृत्तींत लांकडी ठशांचीं चित्रें आलीं आणि मग ग्रंथाचा प्रसार झपाट्यानें झाला. सत्य, न्याय, काल, कीर्ति, मत्सर, आळस, असे गुण, अवगुण, शास्त्रें आणि कला यांत वर्णानुक्रमानें लाविलेल्या आहेत. ज्याला भिंतीवर 'न्याय' काढावयाचा असेल त्यानें पान उघडावें आणि त्याबरहुकूम तराजू आणि तलवार हातीं द्यावी, इतकी सोय. पुढें शंभर दीडशें वर्षें युरोपांतील चित्रकारांच्या आणि शिल्पकारांच्या कारखान्यांत हा ग्रंथ हाताशीं असे.

रिपाची 'चित्रकला' अशी आहे. एक सुंदर स्त्री; तिचे केस काळे, दाट, विस्कटलेले, जागोजागीं वळसे पडलेले; भिवया कमानदार; अंगावर पाहतां पाहतां रंग पालटणारें धूपछांवी वस्त्र; गळ्यांत सोन्याची साखळी, साखळीला टांगलेला मुखवटा, आणि मुखवट्याच्या कपाळावर 'अनुकरण' हा शब्द. एका हातांत कुंचला, दुसऱ्या हातांत फलक. आणि कानांमागें गांठ मारलेल्या फडक्यानें तिचें तोंड बांधलेलें. प्रत्येक खुणेचें कारणही रिपा देतो. केस विस्कटलेले, कारण चित्रकाराचें चित्त सदा कामांत गुंतलेलें, त्याला शरीराच्या शृंगाराचें भान कोठलें! भिवया कमानदार, कारण मनांत कल्पनांची गर्दी. साखळी आणि मुखवटा यांसाठीं, कीं अनुकरण हें चित्रकलेपासून वेगळें करतां येत नाहीं. आणि तोंड बांधलेलें कां? तर चित्रकाराला मौन आणि एकांत यांच्याइतकें हितकर दुसरें कांहीं नाहीं म्हणून. ग्रीक कवि सिमॉनिडीस यानें चित्राला मुक्या कवितेची उपमा दिल्याचें प्लूटार्क सांगतो. त्या उपमेचाही या फडक्याशीं संबंध लावण्यांत येतो. कारण ऐकावयास ठीक आहे. परंतु मौन पाळणें वेगळें आणि तोंड बांधणें वेगळें. शाळेंतल्या कोणत्याही मुलाला हा भेद समजतो.

आतां एक व्याकरणाची गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. इटालियन भाषेंत चित्रकलेला 'पित्तूरा' म्हणतात आणि हा शब्द, आपल्या 'चित्रकला' शब्दाप्रमाणेंच, स्त्रीलिंगी आहे. त्यामुळें चित्रकलेची मूर्ति नेहमीं स्त्रीचीच. परंतु कुंचला हातीं धरणारे बहुतेक सगळे पुरुष! चित्रकारांचीं चरित्रें लिहिणारा जोर्जो व्हाझारी यानें १५४२ च्या सुमारास आरेत्सो येथील आपल्या घराच्या एका दालनांत 'चित्रकला' रंगविली आहे; तीही स्त्रीच. पुरुष चित्रकाराला आत्मचित्र काढावयाचें झालें तर तो स्वतःला कुंचला घेतलेला सभ्य गृहस्थ म्हणून दाखवी. कला ही त्याच्यासमोर किंवा शेजारीं असलेली दुसरी व्यक्ति. आपण आणि आपली कला एकाच देहांत दाखविण्याचा मार्ग त्याला नव्हता. तो मार्ग फक्त स्त्रीला मोकळा होता, आणि आर्तेमिसिया जेंतिलेस्की त्या मार्गानें गेली.

हें चित्र ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहांत आहे. आकार मोठा नाहीं: उंची सुमारें सव्वातीन फूट, रुंदी अडीच फुटांच्या आंतबाहेर. काळ १६३८-३९ च्या आसपास. चित्रांत एक स्त्री काम करीत आहे. पाहणाऱ्याकडे तिचें लक्ष नाहीं. उजवा हात वर, चित्राच्या कोपऱ्याकडे पुरता ताणलेला, त्यांत बारीक कुंचला. डावा हात खालीं, रंग वाटण्याच्या दगडी पाट्यावर टेकलेला, त्यांत रंगफळी आणि आणखी कुंचले. मान एका बाजूला कललेली. अंगावर हिरवें रेशीम. त्याच्या बाह्यांवर प्रकाश पडून हिरव्यांतून जांभळट झांक मारते, म्हणजे रिपाचें धूपछांवी वस्त्र बरोबर साधलें आहे. परंतु त्यावर तपकिरी रंगाचें कामाचें आच्छादन बांधलें आहे, तें मात्र रिपाच्या पुस्तकांत नाहीं. केस काळे आणि विस्कटलेले. बट सुटून गालावर आली आहे. गळ्यांतली सोन्याची साखळी ती पुढें वांकल्यामुळें अंगापासून सुटून लोंबते आहे आणि तिच्या टोंकाला बोटभर मुखवटा. मेजाच्या कडेला तीन अक्षरें आहेत, तीं तिच्या नांवाचीं आद्याक्षरें आणि 'हिनें केलें' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाचें आद्याक्षर.

मुखवट्यावर 'अनुकरण' हा शब्द नाहीं. त्याचें फारसें नवल नाहीं. एवढ्याशा मुखवट्यावर अक्षरें मावणार कशीं, आणि चित्र चांगलें असेल तर खुणेवर चिठ्ठी लावण्याची गरज काय? परंतु तोंडावरची पट्टीही नाहीं. केस घेतले, वस्त्र घेतलें, साखळी घेतली, मुखवटा घेतला, कुंचला घेतला. फडकें तेवढें सोडून दिलें. ओठ मिटलेले आहेत, पण ते तिनें स्वतः मिटलेले आहेत.

या स्त्रीचें आयुष्य ठाऊक असल्यावांचून या एका वगळण्याचें वजन कळत नाहीं. आर्तेमिसियाचा जन्म रोममध्यें ८ जुलै १५९३ रोजीं झाला. म्हणजे रिपाचें पुस्तक आणि ती एकाच वर्षाचीं. वडील ओरात्सियो जेंतिलेस्की हे नांवाजलेले चित्रकार, कराव्हाज्जोच्या स्नेहमंडळींपैकीं. आई १६०५ सालीं वारली. मुलगी तेव्हां बारा वर्षांची. धाकट्या भावांबरोबर ती बापाच्या कारखान्यांत रंग वाटायला शिकली आणि सर्वांच्या पुढें गेली. १६१० सालचें, तिच्या सहीचें 'सुझाना आणि वृद्ध पुरुष' हें चित्र जर्मनींत पॉमर्सफेल्डन येथें आहे. सतराव्या वर्षींचें हें काम पाहून पुष्कळांना बापाचा हात असल्याची शंका येत आली आहे. मुलीचें काम चांगलें निघालें कीं बापाकडे बोट दाखवावयाचें, ही रीत एका देशापुरती नाहीं.

१६११ सालीं आगोस्तीनो तास्सी या चित्रकारानें तिच्यावर बलात्कार केला. हा मनुष्य तिच्या वडिलांचा सहकारी होता. विवाहाचें वचन देऊन त्यानें प्रकरण कांहीं महिने दाबून ठेविलें. वचन पाळण्याचें चिन्ह दिसेना तेव्हां १६१२ सालीं ओरात्सियोनें पोपकडे फिर्याद केली. खटला कित्येक महिने चालला. त्याचे कागद रोमच्या सरकारी दप्तरांत अजून आहेत आणि ते वाचवत नाहींत. आपल्याला लिहितां येत नाहीं, वाचतां थोडेंसें येतें, असें तिनें जबानींत सांगितलें आहे. तिची साक्ष खरी कीं खोटी हें ठरविण्यासाठीं न्यायालयानें तिच्या बोटांभोंवतीं दोऱ्या गुंडाळून त्या पिळण्याची आज्ञा दिली, आणि हें तास्सीच्या समोर झालें. अठरा वर्षांची मुलगी, हाताच्या बोटांवर जिचा चरितार्थ चालावयाचा, तिचीं बोटें! दोऱ्या आवळत असतां ती, जें सांगितलें तें खरें आहे, एवढेंच पुन्हां पुन्हां म्हणत राहिली. आणि हीच का तूं मला दिलेली लग्नाची अंगठी, अशा अर्थाचें तास्सीला उद्देशून बोलली. तिनें तोंड बांधून घेतलें नाहीं. तास्सी दोषी ठरला, शिक्षा हद्दपारीची झाली. पण तिची अंमलबजावणी नांवापुरतीच झाली. तो पुढें रोममध्येंच नामांकित चित्रकार म्हणून वावरला.

निकालानंतर लगेच, नोव्हेंबर १६१२ मध्यें, पिएरांतोनिओ स्तियात्तेसी नांवाच्या फ्लॉरेन्सकर गृहस्थाशीं तिचा विवाह झाला आणि तीं दोघें फ्लॉरेन्सला गेलीं. तेथें तिचा उत्कर्ष झाला. मेदिची राजघराण्याचा आश्रय मिळाला. १६१६ सालीं तेथील चित्रकलेच्या अकादमींत तिला प्रवेश मिळाला, आणि तो मिळविणारी ती पहिली स्त्री. गॅलिलिओशीं तिची ओळख येथलीच. पुढें १६३५ सालीं तिनें त्याला लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. ज्या मुलीला अठराव्या वर्षीं लिहितां येत नव्हतें तिनें फ्लॉरेन्समध्यें लिहावयास शिकून घेतलें, ही गोष्ट विद्यादानाच्या इतिहासांतही नमूद व्हावयास हरकत नाहीं.

फ्लॉरेन्समध्यें तिनें आणखी एक रूपकचित्र काढलें होतें, त्याची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. महान् शिल्पकार मिकेलांजेलो याच्या पुतण्याचा त्याच नांवाचा मुलगा आपल्या घरांत चुलत आजोबाच्या गौरवार्थ एक दालन सजवीत होता. छतासाठीं त्यानें निरनिराळ्या चित्रकारांना एकेक गुण वांटून दिला. आर्तेमिसियाच्या वांट्याला 'उपजत कल' आला. तिनें १६१५-१६ मध्यें ढगांवर बसलेली, हातांत होकायंत्र आणि माथ्यावर तारा असलेली एक निर्वस्त्र स्त्री काढली, आणि त्याबद्दल तिला इतर चित्रकारांहून अधिक मोबदला मिळाला. पुढें सुमारें सत्तर वर्षांनीं त्या घराच्या वारसाला तें अनावृत रूप पाहवेना. त्यानें दुसऱ्या चित्रकाराकडून त्या आकृतीवर पदर आणि पडदे रंगवून घेतले. तें वरचें काम आतां स्वतःच जुनें आणि ऐतिहासिक झालें आहे, म्हणून तें खरवडून काढीत नाहींत. २०२२ सालीं सुरू झालेल्या डागडुजींत शास्त्रीय यंत्रांच्या साह्यानें मूळ आकृति केवळ छायाचित्रांत उघडी करण्यांत आली. छतावर पडदा कायम आहे. सारांश, या बाईच्या कामावर फडकें घालण्याची हौस तिच्या पश्चातही लोकांना होतीच.

असो. फ्लॉरेन्स सोडून १६२० मध्यें ती रोमला परत आली, कांहीं काळ व्हेनिसला राहिली, आणि १६३० च्या सुमारास नेपल्सला स्थायिक झाली. तेथून वयाच्या पंचेचाळिशींत ती लंडनला गेली. तेव्हांचा इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स हा कलेचा मोठा भोक्ता. मांतुआच्या राजांचा प्रसिद्ध चित्रसंग्रह त्यानें विकत घेतला होता. वृद्ध ओरात्सियो १६२६ पासून त्याच्याच चाकरींत होता आणि ग्रिनिच येथील राणीच्या वाड्याच्या छतावर इंग्लंडच्या राजछत्राखालीं नांदणारी शांति आणि तिच्या सोबतीला कला, असें रूपक रंगवीत होता. तें छत आतां लंडनमध्यें मार्लबरो हाउसांत आहे. त्या कामांत मुलीनें बापाला हातभार लावला असावा असें अभ्यासक मानतात. फेब्रुवारी १६३९ मध्यें ओरात्सियो लंडनमध्येंच वारला.

आपलें 'चित्रकले'चें चित्र या दिवसांतलें. त्या दरबारचा मुख्य चित्रकार व्हॅन डाइक यानें सूर्यफुलासह काढलेल्या आत्मचित्रांत राजानें बहाल केलेली सोन्याची साखळी मोठ्या दिमाखानें बोटांत धरून दाखविली आहे. युरोपांत राजे चित्रकारांचा गौरव अशा साखळीनें करीत. आर्तेमिसियाच्या गळ्यांतली साखळी पाहून दरबारी माणसाला दोन गोष्टी आठवत असतील: रिपाचें पान आणि राजाचा सन्मान. परंतु व्हॅन डाइक साखळी दाखवितो, तिची मात्र नुसती लोंबते आहे, तिला तिची आठवणही नाहीं. चित्रकार म्हणून तिची खरी मिरास कोठें आहे तें पाहावयाचें असेल तर वर गेलेला हात पाहावा. स्वतःचें रूप अशा तिरक्या, अंगावर येणाऱ्या कोनांतून एका आरशांत दिसत नाहीं. त्याला दोन आरसे मांडावे लागतात, आणि जो हात काढावयाचा तोच काढणारा. पार्श्वभूमि तपकिरी, जवळजवळ कोरी. कॅनव्हासवर प्रथम दिलेला तपकिरी थर तिनें सावल्यांच्या ठिकाणीं तसाच उघडा ठेवून दिला आहे. त्यामुळें ती भिंतीपुढें उभी आहे कीं अजून कांहीं न काढलेल्या चित्रापुढें, हें सांगतां येत नाहीं.

हें तिचें आत्मचित्रच होय काय, याबद्दल मतभेद आहे. चार्ल्स राजाचा १६४९ सालीं शिरच्छेद झाला आणि पार्लमेंटनें त्याचा संग्रह विकावयास काढला, तेव्हांच्या याद्यांत आर्तेमिसियाचें 'पित्तूरा' आणि आर्तेमिसियाचें स्वतः काढलेलें चित्र अशा दोन निरनिराळ्या नोंदी आहेत. चित्रांतली स्त्री पंचेचाळीस वर्षांची दिसत नाहीं, असाही आक्षेप आहे. उलट १९६२ सालीं मायकेल लेव्ही यानें तिच्या इतर ज्ञात प्रतिमांशीं ताडून ही तीच असें प्रतिपादन केलें, आणि १९८० सालीं मेरी गॅरर्ड या अमेरिकन विदुषीनें रिपाच्या ध्यानाशीं एकेक खूण जुळवून, येथें चित्रकर्ती आणि चित्रकला एकच झाल्या आहेत, हें मत मांडलें. वयाचा आक्षेप फारसा टिकाऊ वाटत नाहीं. सरस्वतीचें वय कोणी विचारीत नाहीं. चित्र स्वतः १६५१ मध्यें विकलें गेलें आणि १६६० नंतर, राजसत्ता परत आल्यावर, पुन्हां राजसंग्रहांत आलें.

पट्टी वगळण्यांत तिनें खटल्याच्या आठवणीचा सूड घेतला, असें म्हणण्याचा मोह अलीकडच्या पुष्कळ लेखकांना होतो. तो मोह आवरलेला बरा. खटल्याला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मधल्या काळांत तिनें संसार केला, मुलें वाढविलीं, मुलें गमाविलीं, चार शहरांत कारखाने चालविले. प्रत्येक चित्रांत एकाच दुःखाचा ठसा शोधावयाचा, हाही तिचें तोंड बांधण्याचाच एक प्रकार आहे. पट्टी नाहीं, याचें कारण धंद्यांतही सांपडण्यासारखें आहे. रिपाची चित्रकला ही एक ध्यानमूर्ति आहे, खुणा अंगावर वागवीत उभी राहणारी. आर्तेमिसियाची चित्रकला काम करीत आहे. म्हणून तिला आच्छादन बांधावें लागतें, बाह्या वर साराव्या लागतात, वांकावें लागतें. कामांत दंग झालेल्या माणसाला गप्प बसविण्यासाठीं फडकें लागत नाहीं. मात्र एवढें खरें कीं, पुस्तकांतल्या साऱ्या खुणा वाचून, समजून, त्यांतली नेमकी ही एक तिनें नाकारली. आणि ती नाकारणें तिच्या आधींच्या व पुढच्या वागण्याशीं सुसंगत होतें.

पुढच्या वागण्याचा पुरावा पत्रांत आहे. नेपल्सला परतल्यावर मेस्सिना येथील दोन आंतोनिओ रुफ्फो या श्रीमंत संग्राहकाशीं तिचा पत्रव्यवहार चालू झाला. १६४९ सालचीं तिचीं कित्येक पत्रें उपलब्ध आहेत, आणि तीं एका रोखठोक, कष्टाळू, पैशाच्या अडचणींतल्या पण मान न वांकविणाऱ्या बाईचीं आहेत. स्त्रीचें नांव ऐकलें कीं काम पाहीपर्यंत लोकांना शंका येते, असें ती त्याला प्रथमच बजावते. स्त्री काय करूं शकते तें आपण दाखवून देऊं, असेंही पुढें लिहिते. तिचा दर ठरलेला होता: प्रत्येक आकृतीस शंभर स्कुदी. रुफ्फोसाठीं काढलेल्या 'डायानाच्या स्नाना'च्या चित्रांत आठ आकृति होत्या आणि दोन कुत्रे. कुत्रे तर आकृतींहूनही सरस उतरले आहेत, असें ती कौतुकानें कळविते. रुफ्फो किमतींत घासाघीस करूं लागला तेव्हां तिनें तें लागून घेतलें आणि तसें लिहिलें.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांतील एका पत्रांत गिऱ्हाइकांना आगाऊ रेखाटनें न पाठविण्याची शपथ आपण कां घेतली, याचें कारण ती सांगते. एका बिशपानें तिच्याकडून चित्राचें रेखाटन मागवून घेतलें, आणि मग पैसे वांचविण्यासाठीं तेंच काम दुसऱ्या चित्रकाराला दिलें. त्यानें तिच्या कल्पनेवर चित्र रंगविलें. आपण पुरुष असतों तर असें झालें नसतें, असें तिनें त्या पत्रांत स्पष्ट शब्दांत लिहून ठेविलें आहे. १६५४ पर्यंत ती नेपल्समध्यें कामें घेत होती.